एका दोऱ्याची पगडी

मैफल सुरू होण्याआधी तबलजी छोटी हातोडी घेऊन तबल्याच्या काठावर ठोके देतो. वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. ऐकणाऱ्यांचा कान सुराकडे असतो, त्यामुळे ठोके ज्या कातडी कड्यावर पडतात त्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्याच्या, काठाने चामड्याच्या पट्ट्या वर-खाली गुंफून केलेले हे कडे म्हणजे गजरा. त्याला सोळा घरे असतात. त्या घरांतून वादी, म्हणजे चामड्याची लांब पट्टी, ओवली जाते आणि पुडीचा सगळा ताण या गुंफणीवर येतो. हिंदी मुलखात याच गजऱ्याला पगडी असेही म्हणतात.

इंग्रज खलाशांनाही असे गुंफलेले कडे पाहून पगडीच आठवली. जहाजावरच्या फुरसतीत दोरखंडाच्या टोकाला, चाकाच्या आऱ्याला किंवा काठीच्या मुठीला ते एक नक्षीदार वलय बांधत. तीन, चार किंवा पाच पेडांची वेणी गोल फिरवून स्वतःतच मिटवावी, तसे ते दिसे. त्यांनी त्याला ‘टर्क्स हेड’ म्हटले, म्हणजे तुर्काचे डोके, खरे तर त्याच्या डोक्यावरचा फेटा. डार्सी लिव्हर यांच्या ‘शीट अँकर’ या १८०८ सालच्या नौकाविद्येच्या पुस्तकात ही गाठ पगडीच्या उपमेसह येते. तबला बांधणारा आणि जहाजावरचा खलाशी यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी दोघांना एकच वस्तू आठवली. म्हणून पुढच्या पानांत या गाठीला ‘पगडीगाठ’ म्हटले आहे. शब्द नवा आहे, पण मराठी हातांना तो परका वाटू नये.

आणि बडोद्यात तर मुळीच वाटू नये. या शहराने गायनशाळा पाहिली. मौलाबक्षांनी ती सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली उभी केली, आणि आज तिचा वारसा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेकडे आहे. या शहराने पगड्याही पाहिल्या. राजा रविवर्मा १८८१ साली तरुण सयाजीरावांच्या राज्याधिकार समारंभाच्या निमित्ताने बडोद्यात आले. त्यांनी रंगवलेली या राजघराण्याची चित्रे आजही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात आहेत. त्या चित्रांतल्या पगड्यांच्या तिरप्या घड्या पाहिल्या की खलाशांना काय दिसले असेल ते उमगते. मात्र दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. पगडीचे फेर एकावर एक बसतात, एकमेकांच्या खालून जात नाहीत. शेवटचा पदर सुटला की सगळी पगडी उलगडते. पगडीगाठीतला प्रत्येक पेड मात्र शेजाऱ्याच्या एकदा वरून आणि एकदा खालून जातो. तिथे कोणताही पेड केवळ वर किंवा केवळ खाली नसतो, म्हणून ती गोंद, खिळा किंवा टाका न घालताही टिकते.

या गाठीची रचना समजून घ्यायला तीन पेडांची साधी वेणी पुरे. आईने मुलीची वेणी घालताना उजवा पेड मधल्यावरून आणला, मग डावा मधल्यावरून आणला, पुन्हा उजवा. ती वेणी काठीभोवती वळवली आणि तिची सुरुवात शेवटाला अशी जोडली की सांधा दिसूच नये, तर जे वलय तयार होईल ते तीन पेडांच्या पगडीगाठीचेच रूप. वलयाच्या वरच्या आणि खालच्या काठावर दोरा वळून परत फिरतो, तिथे छोट्या कमानी दिसतात. गाठीचे माप दोन आकड्यांत सांगता येते. पहिला आकडा पेडांचा. वलयाची रुंदी आडवी कापली तर किती पेड लागतील, तो आकडा. दुसरा आकडा वळणांचा, म्हणजे एका काठावर मोजलेल्या कमानींचा. ‘तीन पेड, पाच वळणे’ म्हटले की गाठ पुरती ठरली. तिच्यात दोऱ्यावरून दोरा जाण्याच्या जागा, म्हणजे फुल्या, किती असतील तेही ठरले. पेडांतून एक वजा करून वळणांनी गुणले की फुल्यांची संख्या मिळते. इथे दोन गुणिले पाच, म्हणजे दहा.

आता या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट. ही गाठ एकाच दोऱ्याने बांधता येईल की नाही, हे दोरा हातात घेण्याआधी सांगता येते.

मुले गोल करून बसली आहेत अशी कल्पना करावी. पाच मुले आहेत आणि चेंडू प्रत्येक वेळी तिसऱ्या मुलाकडे टाकायचा आहे. पहिल्याकडून चौथ्याकडे, चौथ्याकडून दुसऱ्याकडे, मग पाचव्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि तिथून परत पहिल्याकडे. पाचही मुलांना चेंडू मिळाला. आता तिथे सहा मुले बसवून नियम तोच ठेवला, तर चेंडू पहिल्याकडून चौथ्याकडे आणि चौथ्याकडून पुन्हा पहिल्याकडे येतो. बाकीची चौघे नुसती बघत राहतात. पगडीगाठीत वळणे म्हणजे ही गोलातली मुले आणि पेडांची संख्या म्हणजे चेंडूची उडी. वरच्या काठावरून निघालेला दोरा खालच्या काठाला जाऊन परत वर येतो, तेव्हा तो वरच्या काठावर पेडांच्या संख्येइतकी वळणे पुढे सरकलेला असतो. पेड तीन आणि वळणे पाच असतील, तर एकच दोरा सगळ्या वळणांना स्पर्श करून स्वतःच्या सुरुवातीशी येतो. पेड तीन आणि वळणे सहा असतील, तर तो दोन वळणे घेऊन मिटतो. मग उरलेल्या जागा भरायला आणखी दोन दोरे लागतात. शाळेत शिकवलेला महत्तम साधारण विभाजक इथे आपोआप कामाला येतो. पेड आणि वळणे यांचा मसावि एक असेल तर एक दोरा, दोन असेल तर दोन दोरे, तीन असेल तर तीन. चार पेड आणि सहा वळणे यांना दोन दोरे हवेत. पाच पेड आणि चार वळणांची गाठ एका दोऱ्यात होते आणि तिच्यात सोळा फुल्या पडतात.

अमेरिकन चित्रकार क्लिफर्ड अ‍ॅशली (१८८१–१९४७) यांनी आपल्या १९४४ सालच्या गाठींच्या महाग्रंथात हा नियम साधारण विभाजकाचा नियम म्हणूनच मांडला. त्या ग्रंथात क्रमांक दिलेल्या नोंदी ३,८०० हून जास्त आहेत, तरी टर्क्स हेडला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. गणितज्ञांना ही गाठ दुसऱ्या वाटेने भेटली. तीन पेड आणि दोन वळणांची पगडीगाठ दोन्ही टोके जोडून पाहिली, तर ती गाठींच्या शास्त्रातली इंग्रजी आठसारखी दिसणारी सुप्रसिद्ध गाठ निघते. तीन पेड आणि तीन वळणे घेतली तर मसावि तीन येतो, आणि हाती येतात बोरोमियन वलये. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावरून पडलेले हे नाव. तीन कडी एकमेकांत गुंतलेली असतात, पण त्यांतली कोणतीही दोन एकमेकांत अडकलेली नसतात. एक कापले की उरलेली दोन आपोआप सुटी होतात. शाळकरी मुलीची वेणी तीन वळणांनंतर मिटवली तर हे घडते, याचे नवल अजून ओसरलेले नाही.

मराठी आणि गुजराती माणसाने ही गुंफण मात्र आकड्यांआधी पायांनी शिकली. गोफ हा शब्द गुंफणे या क्रियेच्या कुळातला. सोन्याचा गोफ गळ्यात येतो आणि रंगीत दोऱ्यांचा गोफ अंगणात विणला जातो. वर एका कड्याला रंगीत दोऱ्या बांधलेल्या असतात. खाली प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक दोरी आणि बहुधा दुसऱ्या हातात टिपरी. अर्धे जण उजवीकडे निघतात, अर्धे डावीकडे. समोरून येणाऱ्याला एकदा आतून ओलांडायचे, पुढच्याला बाहेरून. आतून गेले की आपली दोरी त्याच्या दोरीखाली जाते, बाहेरून गेले की तिच्यावर येते. आठ जण नाचले तर वर आठ पेडांची गोल, पोकळ वेणी उतरू लागते. गोव्यात शिमग्याला गोफ होतो. सौराष्ट्रात कोळी आणि कणबी समाजांत ‘गोफ गुंथण’ आहे. बडोद्याच्या मराठी घरातल्या मुलाला गुजराती शेजाऱ्याचे गोफ गुंथण समजावून सांगावे लागत नाही, कारण शब्दही तोच आहे आणि पावलेही तीच.

याच कुळातली तिसरी धाकटी बहीण तमिळ देशात आहे, पिन्नल कोलाट्टम. पिन्नल म्हणजे वेणी. बडोदे आणि तंजावर यांचे नाते जुने. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या होत्या. १८८० साली त्या विवाह होऊन बडोद्यास आल्या, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा संचही आला आणि भरतनाट्याला गुजरातेत घर मिळाले. तीन प्रदेशांत तीन नावांनी एकच गुंफण चालावी, आणि त्या तिन्ही प्रदेशांचे धागे बडोद्याच्या राजवाड्यापाशी एकत्र यावेत, हा योग या विषयावर लिहिताना टाळणे शक्य नाही.

गोफाचा खरा कस मात्र विणताना लागत नाही, सोडताना लागतो. पूर्ण विणून झाला की नाचणारे उलटे फिरतात आणि तोच गोफ फेऱ्याफेऱ्याने उलगडतात. कोणी एकाने एका फेरीत आतून जायच्या जागी बाहेरून गेलेले असेल, तर तो दोष तिथेच येऊन अडतो, आणि सगळ्यांना कळते की चूक कुठे झाली होती. पगडीगाठीचे तसेच आहे. तिला उलगडायचे नसते, पण सलग दोन फुल्यांवर दोरा चुकून वरूनच गेला, तर ते बांधताना लक्षात येत नाही. दुसरा फेरा पहिल्याच्या शेजारून न्यायला लागले की वाट बिघडते आणि चूक उघडी पडते. म्हणून जाणकार पहिल्या फेऱ्यानंतर थांबून प्रत्येक फुली बोटाने मोजतात. हा थांबा कंटाळवाणा वाटतो. तरी तो वगळू नये.

दोऱ्याच्या कलेत बडोद्याच्या बाजाराचा आणखी एक वाटा आहे. सोनाराने दागिना घडवला तरी तो गळ्यात येतो पटवेकऱ्याच्या हातातून. तन्मणी, पोत, बाजूबंद गाठवून घ्यायचा म्हणजे पटवेकऱ्याकडे जायचे. गुजरातीत तो पटवा. रेशमाचे दोरे पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचे, त्यांना पीळ द्यायचा, त्यांवर जरीचा बारीक धागा गुंडाळायचा, टोकाला गोंडा सोडायचा, आणि मागे अशी सरकती गाठ ठेवायची की तोच तन्मणी आखूडही घालता यावा आणि लांबही. या कामात अंगठा हाच तिसरा हात. पटवेकऱ्याची जरीची गुंडी मुख्यतः गुंडाळून बसवलेली असते आणि पगडीगाठ गुंफून, हा फरक लक्षात ठेवावा. पण बारीक धागा सारख्या ताणाने ओढण्याची सवय दोघांना सारखीच लागते. पगडीगाठ शिकू पाहणाऱ्याने एखादा पटवेकरी काम करताना तासभर बघितला, तर पुस्तकातली दहा पाने वाचल्याइतका लाभ होईल.

बडोद्याने गाठीला थेट शिल्पाच्या दालनातही नेले. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) या मुंबईत जन्मल्या आणि बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकल्या. के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे गुरू. सुब्रमण्यन यांनी काही काळ हातमाग मंडळात काम केले होते, आणि कारागिराचे साहित्य आणि चित्रकाराचे साहित्य यांच्यात त्यांनी कधी भिंत उभी केली नाही. मृणालिनींनी रंगवलेली तागाची दोरी हातात घेतली, धातूचा सांगाडा उभा केला आणि त्यावर हजारो गाठी मारत माणसाहून उंच आकृती घडवल्या. आधी रेखाटन नाही, नमुना नाही, गाठीमागून गाठ. ‘पुष्प’, ‘वनश्री’, ‘यक्षी’ ही त्या कामांची नावे. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांच्या गाठी पगडीगाठी नव्हेत. पण दोरी ही केवळ बांधायची वस्तू नाही, तिला स्वतःचा आकार घेता येतो, हे या शहरातून निघालेल्या एका स्त्रीने जगाला दाखवले. सजावटीची गाठ म्हणजे फावल्या वेळचा चाळा असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कामे पाहावीत.

आता हाताकडे वळू. पगडीगाठ बांधण्याच्या अनेक वाटा आहेत. कोणी नळकांड्यावर टाचण्या टोचून आखणी करतात, कोणी सपाट कागदावर चटईसारखी गाठ घालून मग ती उचलून काठीवर चढवतात. सर्वांत जुनी आणि सोपी वाट आपल्या हातावरची. डाव्या हाताच्या चार बोटांभोवती दोरा एकदा गुंडाळावा आणि पुढच्या बाजूला पहिल्या वेढ्यावरून तिरपा न्यावा. एक फुली पडते. दुसरा वेढा घेऊन टोक पुन्हा समोर आणावे, एका पेडावरून न्यावे आणि पुढच्याखालून काढावे. मग हात फिरवून बघावे. मागे दोन पेड शेजारी शेजारी धावताना दिसतात. त्यांतला एक दुसऱ्यावरून अलगद ओढावा, म्हणजे मध्ये एक फट तयार होते. टोक त्या फटीतून ओवावे. पुन्हा हात फिरवावा, पेडांची उलटी अदलाबदल करावी, पुन्हा ओवावे. असे करता करता टोक सुरुवातीपाशी येऊन शेजारी उभे राहते. तिथे पहिला फेरा संपतो.

तीन पेडांच्या गाठीत वळणे वाढवायची असतील तर तीनच्या पटीत वाढवावीत, म्हणजे दोनाची पाच, पाचाची आठ, किंवा चाराची सात, साताची दहा. याचे कारण वेणीत आहे. तीन पेडांच्या वेणीची तीन पूर्ण आवर्तने झाली की प्रत्येक पेड आपल्या मूळ जागी येतो, त्यामुळे टोकांची जुळणी बिघडत नाही आणि एक दोरा एकच राहतो.

दुसरा आणि तिसरा फेरा पहिल्याच्याच वाटेने, त्याच्या त्याच बाजूने न्यायचा, कुठेही न ओलांडता. त्याने गाठ भरते आणि मधली भोके मिटतात. शेवटी ढील काढायची. हा भाग सर्वांत संथ असतो. एका टोकाकडून सुरू करून फुलीफुलीने थोडी थोडी ढील पुढे सरकवत दुसऱ्या टोकाकडे न्यायची. घाईने एकदम ओढले तर एक पेड आवळतो आणि त्याच्या शेजारचा फुगतो. दोन किंवा तीन वेळा सगळी वाट फिरून आले की पेड एकमेकांना लागतात आणि काठाच्या कमानी सारख्या होतात.

किती दोरा लागेल, हा प्रश्न नेहमी पहिला येतो. सोपा हिशेब असा. काठीचा घेर गुणिले पेड गुणिले फेरे. आठ सेंटिमीटर घेराच्या लाठीवर तीन पेडांची गाठ तीन फेऱ्यांत हवी असेल, तर ७२ सेंटिमीटर. दोरा तिरपा जातो आणि वर-खाली चढतो, म्हणून त्यात तिसरा हिस्सा मिळवावा, आणि टोक धरायला वीतभर जास्त ठेवावे. सव्वा मीटर घेतले की काम निभते. लाठीचे उदाहरण घेण्याचे कारण बडोद्यात सांगायला नको. लाठी शिकवणारे जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव यांचे हे शहर आहे.

बालवीर चळवळीत वावरलेल्यांनी ही गाठ आधीच गळ्यात घातलेली असेल. स्कार्फ अडकवायचे चामड्याचे कडे, म्हणजे वॉगल, इंग्लंडच्या गिलवेल पार्क प्रशिक्षण केंद्रात बिल शँक्ली यांनी १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार केले. ते पगडीगाठीचेच रूप आहे. वुड बॅज प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आजही ते वापरतात. अशा एखाद्या शिक्षकाकडे ते कडे मागून घ्यावे आणि वरच्या काठाच्या कमानी मोजाव्यात. दोऱ्याने बांधायला बसण्याआधी डोळ्यांना ओळख झालेली बरी.

पुढच्या पानांतला पहिला धडा तीन पेड, पाच वळणांचा आहे. त्यासाठी न चमकणारी, न घसरणारी, चार मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्यावी. नायलॉन पहिल्या दिवशी टाळावा, तो पेड सोडून निसटतो. रंग फिका असावा, म्हणजे फुल्या दिसतात. पहिला फेरा झाला की मोजावे. वरच्या काठावर पाच कमानी, खालच्या काठावर पाच, आणि सगळ्या मिळून दहा फुल्या. कमानी चारच भरल्या तर कुठल्याशा वळणावर एक अदलाबदल राहिली आहे. टोक तिथपर्यंत परत सोडावे आणि तिथूनच पुन्हा सुरू करावे.